हिमनदीच्या गाळाखालचे पॉर्फिरी तांबे आणि सोने कसे शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात भूविज्ञान शिकणारे आणि पुढे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फील्डवर जाणारे मराठी विद्यार्थी जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे त्या प्रांताची आहेत, कारण हे काम तिथेच सर्वांत जास्त चालते. आपल्याकडे तसा गाळ नाही. ज्याने हिमनदी डोळ्यांनी पाहिलेली नाही त्याला गोष्ट समजावी, म्हणून अधूनमधून बडोद्याजवळच्या मही नदीचे आणि पावागड डोंगराचे दाखले दिले आहेत.

पॉर्फिरी साठा म्हणजे नेमके काय शोधायचे?

जाड शीर शोधायची नाही. ज्वालामुखीच्या मुळाशी, जमिनीखाली साधारण एक ते पाच किलोमीटरवर थंड झालेला मॅग्मा, त्यातून सुटलेले खारट गरम पाणी, आणि त्या पाण्याने हजारो बारीक भेगांत सोडलेली कॅल्कोपायराइट व बोर्नाइट ही तांब्याची खनिजे, म्हणजे पॉर्फिरी साठा. तांबे टक्क्याच्या काही दशांश एवढेच असते, सोने टनामागे ग्रॅमचा काही भाग. पण खडक कोट्यवधी टन असतो, म्हणून खाण परवडते.

शोधणाऱ्याला खरा आधार असतो तो साठ्याभोवतीच्या अल्टरेशनच्या, म्हणजे गरम पाण्याने बदललेल्या खडकाच्या, कवचांचा. मध्ये पोटॅसिक पट्टा: बायोटाइट, पोटॅश फेल्डस्पार आणि बरेचदा मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज). त्याच्या बाहेर किंवा वर फिलिक: सेरिसाइट (बारीक पांढरा अभ्रक), क्वार्ट्झ, भरपूर पायराइट (लोहाचे सल्फाइड). सगळ्यांत बाहेर प्रोपिलिटिक: एपिडोट आणि क्लोराइट. धातुक काहीशे मीटर रुंद असले तरी हे कवच काही किलोमीटर पसरते. गाळाखाली आपण आधी हे कवच पकडतो, तांबे नंतर.

एक अपवाद सुरुवातीलाच लक्षात ठेवा. ब्रिटिश कोलंबियातले माउंट मिलिगन आणि माउंट पॉली हे अल्कलिक जातीचे, म्हणजे सोडियम-पोटॅशियम जास्त असलेल्या मॅग्मातले, साठे आहेत. त्यांत क्वार्ट्झच्या शिरा फारशा नसतात आणि फिलिक पट्टा नीट उमटत नाही. पुस्तकातली गोल गोल कवचे डोक्यात ठेवून गेलात तर असा साठा पायाखाली असून चुकेल.

तिथल्या खडकावर एवढी माती आली कुठून? महीच्या गाळासारखीच ना ती?

नाही, आणि सगळा विषय याच फरकावर उभा आहे. महीचा गाळ पाण्याने आणला. पाणी वजनाप्रमाणे निवड करते, जाड वाळू इकडे, चिकणमाती तिकडे. महीच्या कोतरांत उभे राहिले की हे थर कडेला स्पष्ट दिसतात. शिवाय त्या गाळातला एखादा कण नदीच्या वरच्या साऱ्या पाणलोटातून कुठूनही आलेला असू शकतो.

हिमनदी निवड करत नाही. शेवटच्या हिमयुगात ब्रिटिश कोलंबियावर कॉर्डिलेरन हिमस्तर होता, काही ठिकाणी जवळजवळ दोन किलोमीटर जाड. तो सरकताना तळाचा खडक दळत गेला आणि पीठ, वाळू, गोटे, सगळे एकत्र कालवून जवळच थापत गेला. या थापलेल्या मिश्रणाला टिल म्हणतात. टिलचा बराचसा भाग काहीशे मीटर ते काही किलोमीटर मागच्या खडकातून आलेला असतो, आणि मुख्यतः एकाच दिशेने. म्हणून टिलमधला तांब्याचा कण पत्ता सांगतो. नदीच्या गाळातला कण एवढा स्पष्ट पत्ता देत नाही.

उघड्या खडकातच शोधत राहायला काय हरकत आहे?

उघड्या खडकावर लोक शंभर वर्षांहून जास्त काळ हातोडा घेऊन फिरले आहेत. माउंट मिलिगन आणि माउंट पॉली यांच्यामध्ये क्वेस्नेल नावाच्या खडकपट्ट्याचा मोठा भाग गाळाखाली झाकलेला आहे. दोन्ही टोकांना खाणी, खडक तोच, वय साधारण २१ ते १८ कोटी वर्षे, मग मधल्या भागातच काही नसेल असे मानायला कारण नाही. म्हणूनच जिओसायन्स बीसी या तिथल्या भूविज्ञान संस्थेने २००७ मध्ये क्वेस्ट प्रकल्प हाती घेतला: विमानातून गुरुत्व आणि विद्युतचुंबकीय मोजणी, जोडीला जुन्या भूरासायनिक नमुन्यांचे नव्याने विश्लेषण. हा सगळा डेटा लोकांसाठी खुला आहे. शिकायला याहून चांगला संच मिळणे कठीण.

खड्ड्यात दिसतेय ते टिलच आहे हे कसे ओळखायचे?

सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

हिमनदीच्या प्रदेशात तुमच्या फावड्याखाली पाच वेगवेगळ्या गोष्टी येऊ शकतात. त्यांतली एकच खरोखर कामाची: बर्फाच्या तळाशी दाबून बसलेला बेसल टिल. तो खणताना हाताला कळतो. फावडे आत जात नाही, टिकाव लागतो. सुकलेला तुकडा आडव्या पापुद्र्यांनी फुटतो. थर नसतात. बारीक राखाडी पिठात गोटे रुतून बसलेले असतात, एकमेकांना टेकलेले नसतात. मूठभर ओला करून दाबलात तर गोळा होतो. त्यातला एक गोटा पाण्याने स्वच्छ धुवून तिरप्या उन्हात धरा: एखादी बाजू इस्त्रीच्या तळासारखी सपाट झालेली दिसेल आणि तिच्यावर समांतर बारीक ओरखडे असतील. नदीच्या गोट्यावर हे मिळत नाही.

बाकी चार. वितळत्या बर्फावरून घसरून पडलेला अब्लेशन टिल सैल, वाळूसर आणि टोकदार दगडांचा असतो. तो बर्फाच्या अंगावर किंवा पोटातून आलेला असतो, म्हणजे दूरचा. वितळपाण्याची रेती-खडी धुतलेली असते, फावड्यावरून ओघळते, गोटे गोल असतात. बारीक पीठ वाहून गेलेले असल्याने प्रयोगशाळेला द्यायला काही उरत नाही. हिमसरोवराची चिकणमाती पातळ थरांची, जवळजवळ दगडविरहित, बोटांना साबणासारखी लागते. उतारावरून खाली सरकलेली माती टिलमधूनच तयार झालेली असू शकते, पण तिची दिशा डोंगराच्या उताराने ठरली आहे, बर्फाने नाही.

चिकणमातीकडे कंटाळून दुर्लक्ष करू नका, तिची जाडी आणि जागा नोंदवा. ४ ऑगस्ट २०१४ रोजी माउंट पॉली खाणीचा टेलिंग्जचा (धातू काढून उरलेल्या गाळाचा) बांध फुटला. स्वतंत्र तज्ज्ञ समितीने जानेवारी २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात बोट ठेवले ते बांधाच्या पायाखालच्या हिमसरोवरी थराच्या दुबळेपणावर. खाण होण्याच्या कितीतरी आधी काढलेल्या खड्ड्यांच्या नोंदीही अशा वेळी मोलाच्या ठरतात.

बर्फ कोणत्या दिशेने सरकला हे कसे कळते?

आधी वरून पाहा. लायडारच्या (लेझरने मोजलेल्या उंचसखलतेच्या) नकाशावर किंवा हवाई छायाचित्रांत जमीन कंगव्याने विंचरल्यासारखी दिसते. ड्रमलिन म्हणजे बर्फाने घडवलेली लांबट टेकडी; तिचे बोथट डोके बर्फ आला त्या बाजूला आणि निमुळती शेपूट तो गेला त्या बाजूला. कठीण खडकाचा सुळका आणि त्याच्या आडोशाला साठलेली गाळाची शेपूट दिसली तरी वाचन तेच: खडक मागे, शेपूट पुढे.

मग खाली उतरा. खडकावरचे ओरखडे रेषा सांगतात, दिशा नाही. उत्तर-दक्षिण ओरखडा दक्षिणेकडूनही आलेला असू शकतो. दिशा ठरते शाळेच्या भूगोलात भेटलेल्या मेषशिलेवरून: बर्फ चढला ती बाजू गुळगुळीत, उतरला ती बाजू उपटल्यासारखी खडबडीत. एका खडकावर दोन दिशांचे ओरखडे असतील तर आडोशाच्या बाजूला टिकलेले बहुधा जुने.

दोन दिशा भेटणे अपवाद नाही. मध्य ब्रिटिश कोलंबियात हिमयुग ऐन भरात असताना ५२ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास बर्फाचा विभाजक होता; त्याच्या उत्तरेचा बर्फ उत्तरेकडे आणि दक्षिणेचा दक्षिणेकडे सरकला. त्याआधी मात्र कॅरिबू पर्वतांतून बर्फ पश्चिमेकडे उतरत होता. आधी एका दिशेने नेलेला माल नंतर दुसऱ्या दिशेने पुन्हा नेला गेला, त्यामुळे साठ्यापासून टिलमध्ये पसरलेला माग रेषेसारखा न राहता पंख्यासारखा किंवा वाकलेला होतो. एकाच बाणावर भरवसा ठेवून मागे चालत गेलात तर साठा बाजूला राहील.

बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी खास सूचना. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ शून्य, त्यामुळे होकायंत्रात दुरुस्ती करायची सवयच लागत नाही. मध्य ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेक परिसरात हा फरक सुमारे १६ ते १७ अंश पूर्वेकडे आहे. तो बसवायचा राहिला तर ओरखड्याच्या दिशेने तीन किलोमीटर मागे जाताना तुम्ही साधारण ८५० ते ९०० मीटर बाजूला पोचता. पॉर्फिरीचा गाभा तेवढ्या अंतरात सहज निसटतो. होकायंत्राची तबकडी पहिल्याच दिवशी फिरवून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

नमुना घेण्याची पद्धत काय?

खड्डा साधारण एक मीटर. वरची पाने-मुळे, मग गंजक्या रंगाचा बी थर, त्याखालचा मूळ रंगाचा सी थर. नमुना सी थराचा. रस्त्याच्या किंवा नदीच्या कडेचा छेद मिळाला तर वेळ वाचतो, पण कडेवरची निदान ३० सेंटिमीटर जुनी कातडी खरवडून काढा आणि रस्त्यासाठी आणून टाकलेला भराव नाही ना, हे पाहा.

एका जागेवरून तीन पिशव्या भरायच्या. पहिली, रासायनिक चाचणीसाठी २ ते ३ किलो. दुसरी, जड खनिजांसाठी १० ते १५ किलो, मोठे गोटे बाजूला काढून. तिसरीत ५० ते १०० खडे, नखाएवढे ते लिंबाएवढे. संध्याकाळी तंबूत ते धुऊन, फोडून, खडकाच्या जातीप्रमाणे मोजायचे. वाटेल तितके कंटाळवाणे असो, हे सोडू नका. त्यात सेरिसाइट-पायराइटने पांढरट पडलेले दोन खडे मिळाले तर तो प्रयोगशाळेच्या आधी आलेला निरोप असतो.

अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, कडे सगळे काढून ठेवा. सोन्याचे प्रमाण आपण अब्जांशांत मोजतो आणि ओल्या टिलमधली क्वार्ट्झची वाळू अंगठीला कानशीसारखी घासते. जस्ताचा मुलामा असलेले किंवा रंग दिलेले फावडे नको. चाळण पितळेची नको, स्टीलची किंवा नायलॉनची हवी.

वहीत काय लिहायचे: खोली, रंग (ओल्या अवस्थेत), घट्टपणा, ओलावा, गोट्यांचे अंदाजे शेकडा प्रमाण, सर्वांत मोठा दगड, ओरखडे आहेत की नाहीत, उतार, निचरा, आणि ठळक अक्षरांत गाळाचा प्रकार. प्रकाराबद्दल शंका असेल तर ‘शंका’ असेच लिहा. चुकीच्या खात्रीपेक्षा ते कितीतरी उपयोगी.

स्थाननोंदीत एक जुना सापळा आहे. तिथले जुने नकाशे नॅड २७ या स्थानमापनाच्या संदर्भावर आहेत, नवे नॅड ८३ वर. दोन्हींत उत्तर-दक्षिण सुमारे २०० मीटरचा फरक पडतो. जुन्या अहवालातला ड्रिलहोल ‘सापडत नाही’ यामागे बरेचदा एवढेच असते.

दोन नमुन्यांत अंतर किती ठेवावे?

पहिल्या फेरीत काही चौरस किलोमीटरला एक. मग बर्फाच्या दिशेला आडव्या रेषा, रेषांमध्ये एक-दोन किलोमीटर आणि रेषेवर २५० ते ५०० मीटरवर नमुना. माग लांब आणि अरुंद असतो, म्हणून रेषा आडवीच हवी. बर्फाच्या दिशेने चालत नमुने घेतलेत तर मागाच्या शेजारून समांतर निघून जाल आणि पत्ताही लागणार नाही.

प्रयोगशाळेला काय सांगायचे?

४० अंश सेल्सिअसच्या आत वाळवा, दळू नका, चाळा, आणि ६३ मायक्रॉनखालचा भाग तपासा. दळले तर गोट्यांतला निरुपयोगी क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार मिसळून तांबे पातळ होते. ६३ मायक्रॉनखालच्या पिठात बर्फाने दळलेली मऊ खनिजे आणि नंतर विरघळून चिकणमातीला चिकटलेले तांबे दोन्ही असतात. ॲक्वा रेजिया या तीव्र आम्लमिश्रणात विरघळवून आयसीपी-एमएस या उपकरणावर तांबे, मॉलिब्डेनम, आर्सेनिक, अँटिमनी, चांदी, जस्त वगैरे एकाच फेरीत निघतात.

सोन्यासाठी किमान ३० ग्रॅम. कारण साध्या गणितात आहे. ०.१ मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा एक गोल कण सुमारे ९ मायक्रोग्रॅमचा असतो. ३० ग्रॅम नमुन्यात तो एकटा आला तर आकडा ३०० पीपीबी (अब्जांश), नाही आला तर जवळजवळ शून्य. शेजारच्या खड्ड्याची माती तीच, आकडा शंभरपट वेगळा. एकाच नमुन्यातल्या सोन्याच्या आकड्यावर घाईने ड्रिल नेऊ नका.

दर २० नमुन्यांच्या गटात फील्डमधली एक दुबार पिशवी, प्रयोगशाळेत फोडलेला, ओळख न सांगता दिलेला एक आंधळा दुबार आणि एक प्रमाणित संदर्भ नमुना असू द्या. फील्ड दुबारांतला फरक दोन खड्ड्यांमधल्या फरकाएवढा मोठा असेल तर तो नकाशा रंगवू नये.

जड खनिजे वेगळी काढून काय मिळते? रासायनिक आकडा पुरत नाही का?

आकडा तांबे किती ते सांगतो. कण सांगतो ते कसल्या खडकातले. बेसॉल्टमधले तांबे आणि पॉर्फिरीतले तांबे अहवालात सारखेच दिसते.

मोठी पिशवी हलत्या टेबलावरून जाते, मग मिथिलिन आयोडाइड या जड द्रवात ३.२ घनतेवर जड भाग खाली बसतो, चुंबकाने मॅग्नेटाइट वेगळे होते आणि ०.२५ ते ०.५ मिलिमीटरचे कण सूक्ष्मदर्शकाखाली हाताने निवडतात. कॅल्कोपायराइटचा पितळी कण तिथे ओळखू येतो. हायलंड व्हॅली, जिब्राल्टर, माउंट पॉली आणि वुडजॅम या ठिकाणी कॅनडाच्या आणि प्रांताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणांनी टिलमधल्या अशा सूचक खनिजांचा अभ्यास केला आहे. सुरुवात करणाऱ्याने तो वाचावाच.

सोन्याच्या कणाचा आकारही बोलतो. खडकातून नुकत्याच सुटलेल्या कणाच्या कडा तीक्ष्ण, खाचा जशाच्या तशा. थोडा प्रवास झाला की कडा दुमडतात. पुष्कळ झाला की कण गोल, पिटलेल्या पत्र्यासारखा. दहा किलोंत तीक्ष्ण कणांचा वाटा वाढत गेला की तुम्ही उगमाकडे चालला आहात.

एपिडोट प्रोपिलिटिक पट्ट्याची खूण आहे, पण सावध राहा: प्रादेशिक रूपांतरण झालेल्या तिथल्या ज्वालामुखी खडकांतही ते भरपूर असते. एकट्या एपिडोटवर निष्कर्ष काढू नका. अपाटाइट हे फॉस्फेट खनिज अधिक विश्वासू. कॅथोडोल्युमिनेसन्समध्ये (इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने उजळवून पाहिल्यावर) ताज्या खडकातले पिवळे-तपकिरी, पोटॅसिक पट्ट्यातले हिरवट आणि सेरिसाइटच्या पट्ट्यातले राखाडी दिसते. शिवाय सल्फाइडसारखे ते सहज गंजत नाही.

गंजणे हाच इथला मोठा अडथळा. बर्फ गेल्यावरच्या दहा-बारा हजार वर्षांत वरचा एक ते तीन मीटर टिल हवा-पाण्याने ऑक्सिडाइझ झाला आहे. तेवढ्या भागात कॅल्कोपायराइट विरघळून गेलेले असते, तांबे मात्र चिकणमातीत शिल्लक राहते. पिठात तांबे जास्त आणि कॅल्कोपायराइटचे कण शून्य, अशी जोडी दिसली तर निराश होण्याआधी खड्ड्याचा रंग पाहा. तपकिरी असेल तर आणखी खोल जा.

आकडा मोठा आला, तिथेच ड्रिल केले, काही निघाले नाही. का?

बहुतेक वेळा आकड्याखालीच ड्रिल केले म्हणून. टिलमधला मोठा आकडा साठ्याच्या वर नसतो, साठ्यापासून बर्फाच्या दिशेने पुढे असतो. गाळ जाड असेल तर माग तिरका वर चढत जातो आणि पृष्ठभागावर उमटतो तो काहीशे मीटर, कधी त्याहून जास्त पुढे. जिथे आकडे एकदम वाढतात ती मागाची सुरुवात. साठा तिच्याही मागे असतो.

दुसरे कारण पाणथळ. भूजल तांबे विरघळवून उताराच्या पायथ्याशी आणते आणि तिथला कुजका सेंद्रिय थर ते धरून ठेवतो. खाली खडकात काहीही नसताना आकडा फुगतो. अशा नमुन्यात सेंद्रिय भाग, लोह किंवा मँगनीजही चढलेले असतात; ते तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरे, गाळांची सरमिसळ. बेसल टिल, रेती आणि हिमसरोवराची माती यांचे आकडे एकाच यादीत टाकून वरचे पाच टक्के निवडले की नकाशा खडकाऐवजी गाळाचा होतो. प्रत्येक प्रकाराची पार्श्वभूमी वेगळी काढा, आणि खालच्या खडकाप्रमाणेही.

चौथे कारण दुर्लक्षित राहते: साठा खरेच नसतो, एक मोठा धोंडा असतो. तसा धोंडाही फुकट जात नाही. १९०८ मध्ये फिनलंडमध्ये किविसाल्मीला तांब्याचा असाच एक प्रचंड धोंडा सापडला. त्याचा माग उलटा काढत १९१० मध्ये सुमारे ५० किलोमीटरवर आउटोकुम्पूचा साठा मिळाला. तो साठा पॉर्फिरी जातीचा नव्हता, पण पद्धत तीच.

चुंबकीय आणि आयपी सर्वेक्षणाने गाळाच्या आरपार दिसते का?

चुंबकीय बरेचदा दिसते. गाळ जवळजवळ अचुंबकीय असतो, त्यामुळे जाडीने संदेश फक्त पसरट होतो. पोटॅसिक गाभ्यात मॅग्नेटाइट वाढते म्हणून मध्ये उंचवटा, फिलिक पट्ट्यात ते नष्ट होते म्हणून भोवती खळगा. पण वरून तरुण बेसॉल्टचा थर पांघरलेला असेल, आणि मध्य ब्रिटिश कोलंबियात तो बऱ्याच ठिकाणी आहे, तर सगळे चित्र त्याच्याच गोंगाटात बुडते. डेक्कन ट्रॅपवर चुंबकीय नकाशा पाहिलेल्यांना हा गोंगाट ओळखीचा वाटेल.

आयपी, म्हणजे जमिनीत वीज सोडून ती किती साठून राहते हे मोजणे, पायराइट पकडते. तांब्याभोवतीचा पायराइटचा कडा कंकणासारखा उमटतो, आणि नवखा माणूस नकाशाच्या सर्वांत लाल भागात ड्रिल करून पायराइटच आणतो. तांबे बरेचदा कंकणाच्या आतल्या बाजूला, मध्यम चार्जेबिलिटीत (वीज साठण्याच्या क्षमतेत) असते.

खोलीचे गणित आधी करा. १०० मीटरचे द्विध्रुव (इलेक्ट्रोडच्या जोड्या) आणि सहावी पातळी (जोड्यांमध्ये सहापट अंतर) घेतली तर प्रभावी खोली १७० मीटरच्या आसपास. त्यातले ६० मीटर गाळात गेले की खडकासाठी उरते फारच कमी. वर हिमसरोवराची चिकणमाती असेल तर वीज तिच्यातूनच आडवी पळते, खडकापर्यंत पोचतच नाही, आणि ‘इथे काही नाही’ असा खोटा निर्वाळा मिळतो. तसा निर्वाळा मान्य करण्याआधी चिकणमातीची जाडी हवाई विद्युतचुंबकीय मोजणीतून काढा. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीत इलेक्ट्रोडला संपर्क मिळत नाही. मिठाचे पाणी ओतावे लागते, तरी वाचने उड्या मारतात.

रेडिओमेट्रिक सर्वेक्षणाने पोटॅसिक पट्टा दिसेल का?

खडक उघडा असेल तरच. गॅमा किरण वरच्या अर्ध्या मीटरच्या आतूनच येतात. गाळावर ते टिलचे पोटॅशियम दाखवतात. पातळ, स्थानिक टिल असेल तर त्यालाही काही अर्थ असतो.

झाडांच्या सालीचे नमुने खरोखर चालतात?

चालतात, शिस्त पाळली तर. झाडाची मुळे मोठ्या परिसरातले पाणी ओढतात. एकाच जातीचे झाड, साधारण एकाच वयाचे, छातीच्या उंचीवरची फक्त बाहेरची खवल्यांची साल, आणि तीही धुळीच्या रस्त्यापासून दूर. अर्ध्या रेषेवर पाइन आणि अर्ध्यावर स्प्रूस असे मिसळले तर मिळतो तो जंगलाचा नकाशा.

गाळातून ड्रिल करताना काय बिघडते?

धोंडे. केसिंग (भोकातली संरक्षक नळी) एखाद्या मोठ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यावर टेकते, कोअरमध्ये (भोकातून काढलेल्या दंडगोलात) दीड मीटर सुरेख ग्रॅनाइट येतो, नोंदवहीत ‘खडक लागला’ लिहिले जाते आणि यंत्र हलवले जाते. म्हणून नियम: खडक लागल्यावर किमान तीन ते पाच मीटर पुढे जा. खाली पुन्हा राखाडी टिल आला तर तो धोंडा होता. केसिंगचा शू पक्क्या खडकात बसवल्याशिवाय हिरा-बिट चालवू नका, नाहीतर वाळू भोकात शिरते, रॉड अडकतात आणि पाणी परत येत नाही. चिकणमातीच्या थराखाली दाबातले पाणी असू शकते. ते उसळून वर आले तर भोक कसे बंद करायचे हे आधीच ठरलेले असावे.

गाळाचा अखंड छेद हवा असेल तर सॉनिक (कंपनाने भोक पाडणारे) ड्रिल. महाग आहे, पण टिलचा थर जसाच्या तसा बाहेर येतो आणि त्याच्या तळाचा नमुना मिळतो. खडकाच्या लगेच वरचा एक मीटर टिल आणि खडकाचा पहिला मीटर हे दोन नमुने कधीही टाकू नका. एनक्यू मापाच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर, एचक्यूचा ६३.५. वरचा खडक भुसभुशीत असेल तर एचक्यूने सुरू करा.

दलदलीतली भोके हिवाळ्यासाठी राखून ठेवतात, जमीन गोठली की यंत्र नेता येते.

चिलीच्या साठ्यांवर वाचलेले इथे लागू पडते का?

खोलवरचे पडते, वरचे नाही. अटाकामाच्या कोरड्या हवेत साठ्यावर गंजलेली टोपी आणि तिच्याखाली कॅल्कोसाइट या तांब्याच्या खनिजाचा समृद्ध थर टिकून आहे. ब्रिटिश कोलंबियात बर्फाने ते बहुतेक खरवडून नेले, त्यामुळे टिलच्या खाली एकदम ताजे सल्फाइड लागते. कॅमलूप्सजवळच्या ॲफ्टनसारखी ठिकाणे, जिथे वरच्या भागात मूळ धातुरूपातले तांबे टिकले, ती अपवादात्मक.

भारतात याचा काय उपयोग?

आपला सर्वांत मोठा तांब्याचा साठा, बालाघाट जिल्ह्यातला मलांजखंड, अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडकात आहे आणि तो पॉर्फिरी मानावा की नाही यावर मतभेद आहेत. त्याच्यावर हिमनदीचा गाळ नाही. पण आवरणाखाली शोधण्याची शिस्त, म्हणजे आधी आवरण समजून घ्या, ते कुठून आले ते ठरवा, मग नमुना घ्या, ही काळ्या मातीला, ट्रॅपला आणि गाळाला तेवढीच लागू आहे.

आणि हिमनदीच्या खुणा आपल्याकडे अजिबात नाहीत असेही नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी गोंडवनावर बर्फ होता. तालचेरचा गोलाश्म थर ही त्याचीच साक्ष, आणि चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ चुनखडकावर त्या बर्फाचे ओरखडे आहेत. ओरखडा कसा दिसतो हे शिकायला त्यासाठी परदेशी जावे लागत नाही.

परवाने आणि नोंदणी?

ब्रिटिश कोलंबियात खनिज हक्क २००५ पासून ऑनलाइन घेतले जातात. त्यासाठी फ्री मायनर प्रमाणपत्र लागते. २६ मार्च २०२५ पासून हक्क नोंदवण्याआधी संबंधित फर्स्ट नेशन्सशी (तिथल्या मूळनिवासी समाजांशी) सल्लामसलत होते. यंत्राने जमीन उकरायची किंवा ड्रिल करायचे तर खाण कायद्याखाली वेगळा परवाना. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा तांत्रिक अहवाल कॅनडाच्या एनआय ४३-१०१ नियमांप्रमाणे पात्र व्यक्तीनेच सही करून द्यावा लागतो. ताज्या पदवीधराला ती सही करता येत नाही. प्रांताच्या व्यावसायिक संस्थेत प्रशिक्षणार्थी म्हणून नाव घालून अनुभव मोजायला लवकर सुरुवात करा.

निघण्याआधी बडोद्यात राहून काय सराव करता येईल?

महीच्या कोतरांत जा आणि एक उभा छेद पूर्ण नोंदवा: दर अर्ध्या मीटरला रंग, कणांचा आकार, गोटे टेकलेले की रुतलेले. टिल तिथे मिळणार नाही, पण पाण्याने निवडलेला गाळ कसा दिसतो हे एकदा डोळ्यांत बसले की न निवडलेला लगेच खटकतो. पावागडच्या पायथ्याला शंभर खडे वेचा आणि जातीप्रमाणे मोजा. माथ्यावरचे हलके, फिक्या रंगाचे ज्वालामुखी खडक खाली किती अंतरापर्यंत पोचले ते मांडून पाहा. छोटा उदेपूरकडच्या ग्रॅनाइटवर हातोडा आणि भिंग घेऊन दोन दिवस घालवा, म्हणजे ताजा फेल्डस्पार आणि सेरिसाइट झालेला फेल्डस्पार यातला फरक नखाने खरवडून सांगता येईल. ब्रिटिश कोलंबियाचे जुने शोध-अहवाल एआरआयएस संग्रहात आणि खनिजस्थळांच्या नोंदी मिनफाइलमध्ये मोफत आहेत. तुमच्या प्रकल्पाच्या परिसरातले पाच अहवाल वाचा, प्रत्येकात ‘गाळाचा प्रकार’ लिहिला आहे का ते शोधा, आणि जिथे नाही तिथल्या आकड्यांपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह घाला. अस्वलांसाठीचा फवारा विमानात नेता येत नाही, तो तिथे पोचल्यावर घ्यायचा.